पान वैशाखात पारखावं

श्रावणात सगळेच बिगोनिया देखणे दिसतात, पोरी. हवेत ओल असते, ऊन मवाळ असतं, पानाला आपोआप चकाकी येते आणि आपल्याला वाटतं, झाली नवी जात. नाव ठेवायची घाई त्याच महिन्यात होते. म्हणून नव्या रोपांची खरी निवड श्रावणात करायची नाही. करायची वैशाखात, दुपारच्या दोनला, शेडनेटच्या फटीतून तापलेला वारा आत घुसतो तेव्हा. त्या वेळी ज्याच्या पानाची कड करपली नाही, देठ माना टाकून संध्याकाळी पुन्हा उभे राहिले, ते रोप पुढे ठेव. बाकीचं कितीही रंगीत असो, उकिरड्यावर. नवा बिगोनिया करायला निघाली आहेस ना, तर यातलं हेच अवघड. पुढचं हाताच्या सवयीनं जमतं.

लोक म्हणतील, विंचूर कांद्याचं गाव, उरलं ते द्राक्षांचं, त्यात ही शोभेची पानं कुठून आणलीस? म्हणू दे. निवड करून वाण काढायचं काम या मातीला नवं नाही. नाशिककडच्या गावरान कांद्यातून निवडून एन-५३ काढला, पिंपळगाव बसवंतला एन-२-४-१ आणि बसवंत ७८० निघाले. ढिगातून सारख्या रंगाचे, सारख्या घडणीचे कांदे उचलायचे, त्यांचे डोंगळे वेगळे धरायचे, बी वेगळं झाडायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा निवडायला बसायचं. तुझ्या आजोबांबरोबर चाळीपुढे बसून बियाण्याचे कांदे मी निवडलेत. ते म्हणायचे, चांगला कांदा कुणीही उचलेल, बरा दिसणारा कांदा टाकून द्यायला हात धजला पाहिजे. बिगोनियाच्या बाकापाशी उभी राहिले की अजून तेच आठवतं.

आपली हवा दोन्ही टोकांची. वैशाखात पारा चाळिशीला टेकतो आणि थंडीत निफाडचं नाव महाराष्ट्रभर बातम्यांत येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर २०१८ मध्ये पारा दोन अंशांच्याही खाली आला होता. आणि जिला नर्सरीवाले नुसतं ‘रेक्स’ म्हणतात, त्या जातीचं मूळ आसामकडच्या ओलसर जंगलात. १८५० च्या दशकात ऑर्किडच्या सोबतीनं, कुणी मागितलेली नसताना, ती युरोपात पोचली. बेल्जियमच्या लिंडेन यांच्या रोपवाटिकेनं ती हाती धरली आणि १८५७ मध्ये तिला शास्त्रातलं नाव मिळालं. तेव्हापासून तिकडे हरितगृहात तिचे संकर होत राहिले. आज आपल्याकडे येणारी चंदेरी, जांभळी, गोगलगायीसारखी वळलेली पानं ही त्याच घराण्याची. हरितगृहात वाढलेली लेकरं ती. दीडशे वर्षं त्यांना कुणी वैशाख दाखवलाच नाही. तो दाखवायचं काम आपण विंचुरात बसून करू शकतो. बंगळूरच्या गारव्यात बसलेल्याला ते जमणार नाही.

आई-बाप निवडताना याचाच विचार कर. एकाकडून रंग घे, दुसऱ्याकडून काटकपणा. रेक्स घराण्यातली दहा-बारा झाडं गोळा कर. पुण्याजवळ सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत फिरलीस तर मिळतील. एक उन्हाळा त्यांना इथे काढू दे. जी उरतील त्यांतूनच आई धर. बाप रंगासाठी थोडा नाजूक असला तरी चालेल. बी पोसायचं, फळ दोन महिने अंगावर वागवायचं ते आईला.

मेक्सिकोकडचे बारीक पानांचे, जमिनीलगत जाड खोड सरपटणारे बिगोनिया असतात. पानांच्या कडेला पापणीसारखी लव आणि काळे डाग. ते कोरड्या हवेला रेक्सपेक्षा चिवट. तुला मोह होईल की त्यांचा रेक्सशी मेळ घालावा. एखाददुसरी जोडी करून बघ, पण त्यावर वर्ष लावू नकोस. बिगोनियाच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत आणि लांबची सोयरीक बहुधा जुळत नाही. जुळलीच तर येणारी पिढी पुष्कळदा वांझ. पान देखणं असेल तर वांझपणाची अडचण नाही, कारण वाढवायचं पानापासूनच. पण पुढचा संकर तिथेच थांबतो. जवळच्या नात्यात काम लवकर पुढे सरकतं.

इगतपुरी-त्र्यंबकच्या कातळांवर पावसाळ्यात फिकट गुलाबी फुलांचा रानबिगोनिया उगवतो. शास्त्रातलं नाव बिगोनिया क्रेनाटा. पाऊस सरला की तो जमिनीतल्या गड्ड्यात झोपतो, पुढच्या पावसापर्यंत त्याचं पान दिसत नाही. उन्हाळ्याला त्यानं शोधलेला उपाय असा. आपल्याला पान बारा महिने हवं, म्हणून तो आपल्या कामाचा नाही. फोटो काढ आणि त्याला तिथेच राहू दे. खणून आणलास तर मी बोलणार नाही तुझ्याशी.

आता फूल. बिगोनियात नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, दोन्ही एकाच झाडावर, एकाच झुबक्यात. भोपळ्याच्या मादी फुलामागे कोवळा भोपळा असतो तसा इथल्या मादी फुलामागे तीन पंखांचा हिरवा बीजकोश असतो. पाकळ्यांपुढून बघशील तर फसशील, कारण मादीच्या मधले पिळदार पिवळे तंतू नराच्या पुंकेसरांसारखेच दिसतात. माशीला फसवायची ती युक्ती आहे. मादी फुलात माशीला खायला काही नाही, पण नराचं सोंग घेतल्यामुळे ती येते आणि अंगावरचे पराग तिथे सोडून जाते. फूल पालथं करून बघायची सवय लाव.

झुबक्यात आधी नर उमलतात, मादी मागून. त्यामुळे आईच्या अंगावर मादी फूल उघडेपर्यंत तिचे स्वतःचे नर बरेचसे गळून गेलेले असतात. उरलेले तू खुडून टाक. टोमॅटोच्या संकरात पुंकेसर काढत बसावं लागतं, ती कटकट इथे नाही. अडचण दुसरीच. आई फुलली तेव्हा बापाचे नर संपलेले असतात. म्हणून बापाच्या दोन-तीन कुंड्या ठेव, थोड्या वेगवेगळ्या सावलीत, म्हणजे त्या मागेपुढे फुलतात. तरी चुकलंच तर नर फुलांचे पराग बटरपेपरच्या पुडीत, सिलिका जेलच्या खड्यांसोबत डबीत बंद करून फ्रीजमध्ये ठेव. आपल्याकडे ही सगळी फुलं साधारण संक्रांत ते होळी या काळात हाताशी येतात.

सकाळी दव सुकलं की काम कर. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, बोटाच्या नखावर टिचकी मारून पिवळी भुकटी पडते का बघायचं. पडली तर तेच फूल मादीच्या पिळदार तंतूंवर हलकेच फिरवायचं. तंतूंच्या वळ्यांत पराग दिसले पाहिजेत. मग त्या फुलाच्या देठाला दोरा आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर आईचं नाव आधी, फुली, मग बापाचं, मग तारीख. पेन्सिलीनं लिही. शाई ओलीनं पसरते आणि उन्हानं उडते. हेच वहीतही लिही. चिठ्ठ्या उंदीरही नेतात.

फळ धरलं की बीजकोश फुगतो, हिरवा राहतो आणि साधारण दोन महिन्यांत पंख वाळून तपकिरी होतात. घाई नको, पण उशीरही नको. कोश फुटला की बी गेलं. बी इतकं बारीक की एका ग्रॅमात लाखाच्या घरात दाणे भरतात. तपकिरी झालेला कोश पांढऱ्या कागदावर पंखा बंद करून फोड, भुसा फुंकायच्या भानगडीत पडू नकोस, कागद तिरका करून हळू टिचक्या मार. भुसा मागे राहतो, बी पुढे घरंगळतं. एका कोशातलं बी तुला सांभाळवणार नाही इतकं असतं. चिमूटभर पेर, उरलेलं पुडीत बांधून फ्रीजमध्ये.

पेरणी मृगात. उन्हाळ्यात पेरून आपल्याकडे काही निभत नाही. पारदर्शक झाकणाचे मिठाईचे डबे घे, बुडाला भोकं, कोकोपीट आणि पर्लाइट, त्यावर उकळतं पाणी ओतून गार होऊ द्यायचं. बी वर नुसतं शिंपडायचं, मातीनं झाकायचं नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. पाणी वरून कधीच नाही, डबा परातीत ठेवून खालून. दोन-तीन आठवड्यांत हिरवी पूड पसरल्यासारखी दिसते, ती रोपं. पाणी पावसाचं साठवलेलं वापर. आपल्या कॅनॉलकाठच्या विहिरींना क्षार फार, पानावर पांढरे डाग राहतात आणि मग पानाची मूळ चंदेरी कुठली नि क्षार कुठला हेच कळत नाही.

पहिली तीन-चार पानं बघून काही ठरवू नकोस. बाळपानं सगळी सारखी हिरवी. पाचव्या-सहाव्या पानापासून रंग बोलायला लागतो. रेक्सचे आई-बाप मुळातच मिश्र रक्ताचे, त्यामुळे एका कोशातली भावंडं एकमेकांना ओळख देणार नाहीत. हे चांगलंच. पण शुद्ध जातींची जोडी केलीस तर पहिली पिढी जवळजवळ एकसारखी निघते, आणि नवशिका तिथेच हताश होतो. तिथे भावाबहिणींचा पुन्हा संकर करावा लागतो, खरी विविधता त्या दुसऱ्या पिढीत उघडते.

रंगाबद्दल एक नीट समजून घे. चंदेरी रंग हा रंग नाहीच. पानाच्या वरच्या कातडीखाली हवेची पोकळी असते, तिच्यावरून उजेड परततो. खालचं हिरवं शाबूत असतं, म्हणून चंदेरी पानाचं झाड अशक्त नसतं. लाल-जांभळा रंग वेगळ्या द्रव्याचा, तो उजेडाप्रमाणे कमीजास्त होतो. तेव्हा दोन रोपांची तुलना करायची तर दोन्ही एकाच जाळीखाली, एकाच रांगेत हवीत. एक कडेला आणि एक आत असेल तर तू झाडं तोलत नाहीस, उजेड तोलते आहेस. आणि एखाद्या रोपावर पांढरेशुभ्र चट्टे दिसले तर हुरळून जाऊ नकोस. तिथे हिरवं द्रव्यच नसतं, झाड रेंगाळतं, आणि पानापासून वाढवलं की ते चट्टे पुष्कळदा हरवतात.

दिवाळीला पहिली चाळण. रंग नाही, घडण नाही, ती काढ. पौष-माघात दुसरी. थंडीत ज्याची वाढ थांबली पण पान टिकलं ते ठेव, ज्याच्या पानावर भुरी चढली ते काढ. भुरी तुला ओळखायला शिकवायला नको, द्राक्षवाल्याच्या घरात वाढलीस. दिवसा कोरडं आणि रात्री गार असलं की बिगोनियावरही तशीच पांढरी पूड येते. विकायच्या रोपांवर काय औषध मारायचं ते मार, मात्र गंधक तापलेल्या दिवशी मारू नकोस, पान भाजतं. पण निवडीच्या बाकावर भुरीचं औषध मारायचंच नाही. औषधानं वाचलेलं रोप आणि स्वतः वाचलेलं रोप बाकावर सारखंच दिसतं, मग निवडणार काय? फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण यांना मात्र तिथेही दया दाखवू नकोस. कांदा काढणीला आला की फुलकिडे हिरवं शोधत निघतात आणि शेजारी आपलंच शेडनेट असतं.

तिसरी चाळण वैशाखाची, ती सांगितली. चौथी एक आहे, ती पुस्तकात सापडणार नाही. उरलेली रोपं खोक्यात बांध आणि एस.टी.नं पुण्याला मामाकडे पाठव, दोन दिवसांनी परत मागव. गिऱ्हाईक आपलं मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधलं. लांब, पाणीदार देठाचं पान विंचुरात राजासारखं दिसेल आणि येवला ओलांडायच्या आत मोडेल. आखूड देठ, जरा जाड पान, कुंडीच्या मधोमध झुबका. नर्सरीवाला हे आधी बघतो, रंग नंतर.

जे उरेल ते पानानं वाढव. बियानं वाढवलंस तर पुन्हा पसारा होतो. पानफुटीच्या पानाला कडेनं रोपं येतात हे तू लहानपणी पाहिलंस. बिगोनियात शिरेला काप द्यावा लागतो. पिकलेलं नाही, कोवळंही नाही असं पान घे, पाठीमागच्या जाड शिरांवर धारदार पात्यानं काप दे आणि ओल्या माध्यमावर पाठ टेकवून ठेव. किंवा प्रत्येकात एक मोठी शीर येईल असे तुकडे कापून उभे खोच. महिना-दोन महिन्यांत शिरेपाशी पिल्लं फुटतात. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटनं पूस, पानावर ठिपके पाडणारा जिवाणू पात्यावरूनच गावभर फिरतो. पिल्लं मोठी झाली की आईशेजारी ठेवून बघ. सगळी तशीच निघाली तर त्यांची पानं कापून आणखी एक पिढी काढ. दोन पिढ्या हुबेहूब आल्या की मग जात झाली म्हण. मृगात पेरलेल्या बियापासून इथवर यायला तीन-चार वर्षं जातात. नर्सरी तोवर दुसऱ्या रोपांवर चालवायची, हेही आत्ताच ठरव.

या पानांच्या कामात कधी न मागता काही मिळतं, त्यावर डोळा ठेव. हिरव्या-चंदेरी झाडावर एकच पान अचानक तांबूस येतं, एकच फांदी वेगळी निघते. द्राक्षवाल्यांना हे ठाऊक आहे. तासगावकडची तास-ए-गणेश काय, नान्नजच्या नानासाहेब काळे यांची सोनाका काय, थॉमसनच्या कुळात कुणालातरी वेगळी काडी दिसली आणि त्यानं ती वेगळी बांधली, म्हणून त्या आल्या. हजारोंनी ती काडी छाटणीत जाळली असेल. तसं पान दिसलं तर झाडावर ठेवून कौतुक करत बसू नकोस, पक्व झालं की बदललेल्या भागाचेच तुकडे लाव. बिगोनियाचं पिल्लू पानाच्या एखाद-दुसऱ्या पेशीतून उठतं, त्यामुळे बदल खरा असेल तर अख्खं झाड बदललेलं मिळतं. हॉलंडात १९७० च्या दशकात पानांना क्ष-किरण देऊन मुद्दाम असे बदल घडवले गेले, ते याच गुणामुळे. लगेच लासलगावच्या विकिरण केंद्राकडे बघू नकोस. तिथली मात्रा कांद्याचा कोंब मरावा म्हणून असते, आपल्याला तर पानाला कोंब फुटायला हवा.

नाव ठेवायचं झालं तर आधी शोध घे की ते आधी कुणी ठेवलेलं नाही ना. जगातल्या बिगोनियांच्या नावांची नोंद अमेरिकन बिगोनिया सोसायटी ठेवते, १९३२ पासूनची संस्था आहे. नाव लॅटिन धाटणीचं चालत नाही, तीस अक्षरांच्या वर जात नाही. मराठी नाव खुशाल ठेव. नोंद म्हणजे मालकी नव्हे, हे मात्र ध्यानात असू दे. मालकी हवी तर आपल्या देशाचा २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांचा कायदा आहे, त्याचं प्राधिकरण दिल्लीला. वेगळेपण, एकसारखेपणा आणि टिकाऊपणा, या तिन्हींची परीक्षा होते. बिगोनिया त्यांच्या अधिसूचित यादीत आहे का, ते अर्ज करायच्या आधी विचार. आणि विक्री सुरू करून वर्ष उलटलं की नवेपणाचा हक्क जातो. म्हणून पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात मांडायची घाई करू नकोस, मैत्रिणींना पिल्लं वाटू नकोस. विकत आणलेलं झाड संकराला आई-बाप म्हणून वापरायला कायद्याची आडकाठी नाही, पण दुसऱ्याच्या संरक्षित जातीचीच पिल्लं काढून नवं नाव देणं ही चोरी, मग पान कितीही ओळखू न येणारं वाटो.

ज्या रोपावरून जात वाढवायची त्या मूळ झाडाच्या तीन कुंड्या कर. एक इथे, एक नाशिकला आत्याच्या गॅलरीत, एक पुण्याला मामाकडे. पाणी वेगळं, हवा वेगळी, कीड वेगळी, म्हणजे तिन्ही एकदम जाणार नाहीत. आणि विकायच्या रोपांसाठी त्या तिघींची पानं कधी तोडायची नाहीत. त्यांच्या लेकींची तोडायची.